फळ्याच्या कोपऱ्यातले आकडे : नववीतल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वास्कोतल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी गेली सतरा वर्षं मराठी शिकवते. २०२४-२५ साली नववीच्या एका वर्गाची वर्गशिक्षिका होते. ज्या मुलाबद्दल लिहिते आहे त्याची ओळख पटू नये म्हणून त्याच्या घरचे काही तपशील बदलले आहेत. शाळेत जे घडलं ते घडलं तसंच दिलं आहे.

मुलगा चौदा पूर्ण. घरची माणसं मूळची चंदगड तालुक्यातली. तो चारेक वर्षांचा असताना वडील तिलारी घाट उतरून गोव्यात आले आणि मालाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागले. आई चिखलीच्या फ्लॅटांमध्ये धुणीभांडी करते. वास्कोतल्याच मांगोर हिल या टेकडीच्या उतारावर भाड्याची एक खोली, त्यात हे दोघं, मुलगा आणि धाकटी बहीण. घरात मराठी, दारात कानडी आणि हिंदी, बाजारात कोकणी. गोव्यातल्या वास्तव्याला पंधरा वर्षं झालेली नसल्यामुळे गृहिणींसाठीच्या ‘गृह आधार’ या सरकारी योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये आईला मिळत नाहीत. त्या घरात दीड हजार म्हणजे अर्धं भाडं.

पहिली ते चौथी तो सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकला आणि पाचवीला आमच्याकडे, म्हणजे इंग्रजी माध्यमात आला. गोव्याबाहेरच्या वाचकांना ही उडी माहीत नसते, म्हणून थोडं सांगते. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं धोरण आलं. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारनं इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुलं केलं. त्यावरचा वाद अजून पुरता शमलेला नाही. या सगळ्या काळात हायस्कुलं मात्र बहुतेक इंग्रजीच राहिली. परिणाम असा की ज्यांना परवडतं त्यांची मुलं पहिलीपासून इंग्रजीत जातात, सरकारी मराठी शाळेत मोठ्या संख्येनं कामगारांची मुलं उरतात, आणि पाचवीत दोघांना एकाच बाकावर बसवून एकच पुस्तक हातात दिलं जातं. घरी विचारायला कोणी असेल, ट्युशनला पैसे असतील, तर मूल वर्षा-दोन वर्षांत सावरतं.

या मुलाला ती वर्षं मिळालीच नाहीत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो चौथीत होता. जूनमध्ये मांगोर हिल गोव्यातला पहिला कंटेनमेंट झोन झाला. त्याची पाचवी वडिलांच्या मोबाईलवर झाली, सहावीही जवळपास सगळी तशीच. आमच्या खालच्या वर्गांत मुलं पुन्हा येऊन बसली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. नंतर सातवी, आठवी. दर वर्षी तो वर चढत गेला आणि नववीत आला.

अडचण

जून २०२४ पासून हजेरीपटावर त्याच्याबद्दल वावगं काही दिसत नव्हतं. हजेरी आम्ही सकाळी पहिल्या तासाला घेतो आणि त्या वेळी तो असायचा. जुलैच्या शेवटी विज्ञानाच्या सरांनी सांगितलं, की मधल्या सुट्टीनंतर हा वर्गात नसतो, दप्तर घेऊन जातो. ऑगस्टमधल्या पहिल्या घटक चाचणीत मराठी सोडून सगळ्या विषयांत नापास. इंग्रजीत वीसपैकी दोन.

स्टाफरूममध्ये जे बोललं गेलं ते मीही बोलले. ‘याला अभ्यासात इंटरेस्टच नाही.’ सातवी-आठवीत वही पूर्ण असायची, आता तीही नाही, म्हणजे हवा लागली असणार. नववीत त्याच वर्षी नवं शैक्षणिक धोरण लागू झालं होतं. नवे विषय, नवं वेळापत्रक, रोज नवं परिपत्रक. एका मुलाचा विचार करायला फुरसत नव्हती. हे कारण म्हणून सांगते आहे, सबब म्हणून नाही.

पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

आम्ही पालकांना पत्र पाठवलं. शाळेच्या लेटरहेडवर, छापील नमुन्यातलं, इंग्रजीत. वर मुलाचं नाव, खाली ‘प्रगती असमाधानकारक आहे, उपस्थिती न सुधारल्यास पुढील कारवाई केली जाईल’ अशा अर्थाचा मजकूर. सही माझी.

पत्र आईच्या हातात पडलं. तिनं ते शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून वाचून घेतलं. त्यानं ‘कारवाई’ म्हणजे नाव कमी करणार, असं सांगितलं. चतुर्थीची सुट्टी लागलीच होती. सुट्टी संपली, वर्ग भरले, हा आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वर्गातल्या मुलांकडून कळलं की तो दुचाकीच्या एका गॅरेजवर कामाला लागला आहे.

या प्रकरणातला सगळ्यात वाईट निर्णय हा आणि तो माझ्या सहीचा. सातवीपर्यंत शिकलेल्या, मराठी वाचता येणाऱ्या बाईला मी, मराठीच्या शिक्षिकेनं, इंग्रजीत पत्र पाठवलं. नमुना तयार होता म्हणून.

घरी गेल्यावर

सप्टेंबरच्या अखेरीस एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मुद्दाम रविवार निवडला, आई घरी सापडेल म्हणून. सोबत मराठी प्राथमिक शाळेतल्या त्याच्या जुन्या बाई होत्या. त्या नसत्या तर दार उघडलं असतं, पण तोंडं उघडली नसती.

आई म्हणाली, “बाई, चिठ्ठी आली तवा आमी समजलो, पोराचं नाव काढलं. मग घरात बसवून काय करू? ह्यांनीच गॅरेजवाल्याला विचारलं. दोनशे देतो दिवसाला.”

मी पत्राचा खरा अर्थ सांगितला आणि माफी मागितली. मग विचारलं, पण त्याआधीही तो मधल्या सुट्टीत का निघून जायचा? मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. बोलला नाही. बोलली ती धाकटी बहीण, पाचवीतली. “आता त्याला पाव मिळत नाही.”

पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत. आमच्याकडे महिला मंडळाच्या बायका डबे घेऊन येतात. कधी पाव आणि वाटाण्याची भाजी, कधी पुलाव. आठवीच्या मार्चपर्यंत हा रांगेत उभा राहून खात होता. जूनमध्ये नववीत गेला आणि रांगेतून बाहेर पडला. आई सकाळी सातला घर सोडते, न्याहारी म्हणजे चहा. साडेदहाच्या सुट्टीत बहिणीच्या हातात पाव आणि हा समोर उभा. त्यापेक्षा घरी जाऊन रात्रीचा भात खाल्लेला बरा. आणि एकदा घर गाठलं की परत कोण चढ-उतार करणार. मोफत पुस्तकंही आठवीपर्यंतच. नववीचा संच त्यांनी घेतलेलाच नव्हता आणि ही गोष्ट मला, वर्गशिक्षिकेला, सप्टेंबर संपेपर्यंत ठाऊक नव्हती.

निघताना मी त्याच्या आठवीच्या वह्या मागितल्या. त्यानं ट्रंकेतून काढून दिल्या. प्लास्टिकचं कव्हर, समासाची लाल रेघ, देखणं इंग्रजी अक्षर. प्रत्येक पानावर शिक्षकांची बरोबरची खूण, मधूनमधून ‘गुड’. मी सामाजिक शास्त्राचं एक पान उघडलं. तारखेखाली, धड्याच्या नावाच्या वर, त्यानं लिहिलं होतं : ‘टोटल ४२, प्रेझेंट ३७’. पुढच्या दिवशी ‘टोटल ४२, प्रेझेंट ४०’. वर्षभर, रोज.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मॉनिटर पटसंख्या लिहितो. हा ती धड्याचा भाग समजून उतरवत होता. म्हणजे कदाचित समजतही नव्हता. फळ्यावर जे आहे ते वहीत आणायचं, एवढंच त्याला शाळा म्हणून माहीत होतं. वर्षभर त्या आकड्यांच्या खाली आम्ही सह्या केल्या आणि एकाच्याही नजरेला ते पडले नाहीत.

त्या वहीतला एक परिच्छेद मी त्याला वाचायला सांगितला. ‘द’, ‘इज’, ‘इंडिया’ वाचलं आणि थांबला. मग तिथंच पडलेली बहिणीची मराठी बालभारती दिली. हळू, बोट ठेवून, पण सगळं वाचलं, आणि विचारल्यावर काय वाचलं ते सांगितलंही.

हे कुठून आलं, ते त्याच्या जुन्या बाईंच्या बोलण्यातून उलगडलं. पाचवी-सहावीत आम्ही व्हॉट्सॲपवर नोट्सचे फोटो टाकायचो. मुलांनी ते उतरवून वहीच्या पानाचा फोटो परत पाठवायचा. फोटो आला की हजेरी लागली. वडील कामावरून रात्री आले की मोबाईल मिळायचा आणि हा अकरा-अकरा वाजेपर्यंत बसून उतरवायचा. दोन वर्षं त्यानं न चुकता हे केलं. आम्ही ज्याला इंटरेस्ट नाही म्हणत होतो, त्यानं आम्ही सांगितलेलं काम मन लावून केलं होतं. नववीत उतरवण्याला गुण मिळेनात तेव्हा त्याच्यापुरता अर्थ एकच निघाला, की आपल्याला जमत नाही.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापकांनी आम्हा पाच जणांना बसवलं. पालकांनाही बोलावलं, या वेळी मराठीतून चिठ्ठी लिहून.

वडिलांना वाटत होतं की मुलाला गावी आजीकडे ठेवावं, चंदगडला मराठी हायस्कूल आहे. भाषेच्या दृष्टीनं मला हे पटत होतं. पण आजी सत्तरीची, शेत खंडानं दिलेलं, आणि वर्षाच्या मध्यावर राज्यमंडळ बदलून नववी. मुलगा आईला सोडून जायला तयार नव्हता. तो विषय तिथंच संपला.

दुसरा पर्याय आयटीआय. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पास चालते, वय चौदा लागतं. आयटीआय वास्कोतच आहे. गणिताच्या टीचरचं मत याच बाजूचं होतं आणि ते टाकाऊ नव्हतं; हातात कसब असलेला मुलगा जहाजबांधणीच्या या शहरात उपाशी राहत नाही. पण प्रवेश पुढच्या जूनमध्ये, आणि तोवर शाळा सोडलेला मुलगा जूनमध्ये अर्ज भरायला येईलच याची खात्री कोणाला? शिवाय तिथंही पुस्तक वाचावंच लागतं. न वाचता येण्याचं दुखणं दुसऱ्या इमारतीत हलवणं झालं असतं.

तिसरं, काहीच न करता त्याला नववीत नापास होऊ देणं आणि पुन्हा नववी. आमच्याकडे बहुतेक वेळा होतं ते हेच. नववीत दुसऱ्यांदा बसलेली किती मुलं दहावीपर्यंत पोचताना मी पाहिली, ते बोटांवर मोजता येईल.

चौथा पर्याय त्याला आहे तिथंच ठेवून वाचायला शिकवण्याचा. यावर खरी वादावादी झाली. विज्ञानाचे सर म्हणाले, “मराठीतून समजावलं तर इंग्रजी येणार कधी? दहावीला पेपर इंग्रजीतच आहे.” माझं म्हणणं, समजलेली गोष्टच दुसऱ्या भाषेत सांगता येते. आवाज चढले. माध्यमाच्या वादात माझी बाजू ठरलेली आहे, आणि त्या दिवशी मी या मुलाच्या वहीतून तो वाद जिंकायला निघाले होते. सरांनीच मला थांबवलं. “टीचर, सरकारचं धोरण नंतर ठरवू. सोमवारी पहिल्या तासाला मी काय करू तेवढं सांगा.”

गॅरेजचा प्रश्न वेगळा होता. मुलाला चौदा पूर्ण झालेली असल्यानं कायद्याची सरसकट बंदी लागू नव्हती. काही जणांना १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवावं असं वाटत होतं. आम्ही आधी मालकाशी बोलायचं ठरवलं. तो भला निघाला. दुपारी तीननंतर आणि रविवारी, असं ठरलं. तो तसा नसता तर आम्ही कळवलं असतं का, हे आम्ही त्या बैठकीत ठरवलं नाही. ठरवायला हवं होतं.

काय केलं

सुरुवात चुकली. त्याच्यासारखी आणखी पाच मुलं निघाली आणि सहा जणांचा गट आम्ही पीटीच्या तासाला बसवला, कारण तोच तास ‘मोकळा’ होता. चार दिवसांत दोघं गैरहजर. खिडकीतून मैदान दिसत होतं आणि मैदानातून ही सहा जणं दिसत होती. वर्गात नाव पडलं, ‘एबीसीडी बॅच’. आठवड्यातला जो एक तास त्यांना हवासा वाटायचा तोच आम्ही काढून घेतला होता. दोन आठवड्यांनी हे बंद केलं आणि दिवाळीनंतर सकाळी सव्वासात ते आठ अशी वेळ ठरवली. दार सगळ्यांना उघडं. काही बरी मुलंही येऊन बसू लागली आणि ते नाव मागं पडलं.

या वर्गात फळ्यावरून उतरवायला बंदी. विज्ञानाचे सर आदल्या दिवशी धड्यातले दहा शब्द मला द्यायचे. मी धड्यातली गोष्ट मराठीत सांगायची, मुलांनी ती आपल्या शब्दांत परत सांगायची, मग ते दहा शब्द अक्षरं जोडून वाचायचे आणि शेवटी इंग्रजीत दोन वाक्यं, स्वतःची, मोडकी चालतील. इंग्रजीच्या टीचर तिसरी-चौथीची पुस्तकं आणायच्या, पण त्यांची मुखपृष्ठं काढून. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात ससा-कासवाचं चित्र देऊ नये, हे त्यांना सुचलं.

त्याला सगळ्यात जड गेलं ते न लिहिणं. पहिल्या दिवशी वही बंद करायला सांगितली. केली. मी बोलत होते आणि त्याचं बोट बाकावर चालत होतं, फळ्यावरचा शब्द अक्षरागणिक गिरवत. आठवडाभर तो मला रोज विचारायचा, “टीचर, वही तपासणार ना?” रिकाम्या वहीची त्याला भीती वाटायची. पाचवी ते आठवी, चार वर्षं आम्ही त्याला एकाच गोष्टीसाठी शाबासकी दिली होती आणि आता तीच नको म्हणत होतो.

खाण्याचं असं केलं की शिक्षकांनी वर्गणी काढली आणि मंडळाच्या बायकांकडून रोज पंधरा जणांची पाव-भाजी विकत घेतली. फक्त त्याला द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. आठवीपर्यंत जेवणाऱ्या नववीच्या कुणालाही घेता येईल, स्टाफरूमच्या मागच्या व्हरांड्यात. पंधरा कधीच उरले नाहीत. या मुलासाठी काय उपयोगी पडलं असं कोणी विचारलं तर मी आधी पाव म्हणेन, मग पुस्तकं. नववीचा संच दहावीत गेलेल्या मुलांकडून मिळाला.

निष्पत्ती

नोव्हेंबरपासून मधल्या सुट्टीनंतर तो वर्गात दिसू लागला. सगळे दिवस नाही. गॅरेजमध्ये गर्दी असली की मालक लवकर बोलवायचा आणि हा जायचा.

जानेवारीत विज्ञानाचे सर ध्वनीचा धडा घेत होते. मध्येच यानं हात वर केला. सर सांगतात, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. “सर, बंदरात बोटीचा भोंगा वाजतो तो आमच्या टेकडीवर किती वेळानं येतो?” सरांनी धडा बाजूला ठेवला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, अंतर दोन किलोमीटर धरू. सगळ्या वर्गानं भागाकार केला, सहा सेकंदांच्या आसपास उत्तर आलं. यानं वहीत काय लिहिलं ते सरांनी मला आणून दाखवलं. दोन ओळी, स्पेलिंगच्या तीन चुका, फळ्यावर कुठंही नसलेल्या.

वार्षिक परीक्षेत इंग्रजी ३६, विज्ञान ३९, मराठी ६१, गणित १९. गणितात पुनर्परीक्षा दिली आणि ३४ गुणांवर सुटला. २०२५ पासून आमचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं. भर उन्हाळ्यात दहावीचा पहिला दिवस ७ एप्रिलला आला आणि तो हजर होता. हे लिहिताना तो दहावीत आहे. पास होईल का, सांगता येत नाही. गणिताची मला काळजी आहे. परवा त्यानं सांगितलं, दहावीनंतर आयटीआयलाच जायचं, पण मोटर मेकॅनिकला, वेल्डरला नाही. गॅरेजमधलं इंजिनचं मॅन्युअल इंग्रजीत असतं आणि मालक आता ते त्याच्याकडून वाचून घेतो.

सहा जणांच्या गटातले दोघं मात्र गेले. एक मुलगा डिसेंबरात ट्रॉलरवर कामाला लागला. एका मुलीला घरच्यांनी धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं. तिच्या घरी मी एकदाच गेले. दुसऱ्यांदा जायला हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पाचवीत प्रवेश देताना मूल कुठल्या माध्यमातून आलं याची नोंद दाखल्यावर असतेच. ती आम्ही फायलीत लावतो आणि विसरतो. याचं वाचन फेब्रुवारी २०२२ मध्ये, शाळा उघडल्या त्या आठवड्यात तपासलं असतं, तर तो अकरा-बारा वर्षांचा होता. एका मुलाला शेजारी बसवून एक परिच्छेद वाचून घ्यायला तीन मिनिटं लागतात. बेचाळीस मुलांना दोन तास. अडीच वर्षांत आम्हाला ते दोन तास सापडले नाहीत.

वही तपासण्याची आमची पद्धतही बदलायला हवी होती आणि ती अजून पुरती बदललेली नाही. पूर्ण वही दिसली की शिक्षकाचाही जीव भांड्यात पडतो, तपासणीला येणाऱ्यांचाही. आता आमच्यातले तिघं जण वही तपासताना मुलाला जवळ बोलावून त्यातली एक ओळ वाचायला लावतात. बाकीचे म्हणतात वेळ नाही, आणि त्यांचंही खोटं नाही.

पालकांचं पत्र आता मराठी, हिंदी आणि कानडीत आहे. ‘कारवाई’ हा शब्द काढला. खाली एकच वाक्य : ‘मुलाचं नाव शाळेत कायम आहे, येऊन भेटा.’

हजेरी मधल्या सुट्टीनंतर पुन्हा घ्यायचं ठरलं आहे. आणि मार्चमध्ये आठवीतल्या मुलांची यादी महिला मंडळाच्या बायकांना विचारून करतो, रोज जेवणारी कोण, दुसरा पाव मागून घेणारी कोण. हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं वर्गशिक्षकाला नसतं. या वर्षीच्या यादीत अकरा नावं आहेत. वर्गणी दिवाळीपर्यंत पुरेल, पुढचं अजून ठरायचं आहे.